लेझरला सनबोर्ड घेऊन गेलो आणि नकार ऐकला (तरी 4 स्टार)

गणपतीच्या मखराची जाळी कापायची होती म्हणून कोथरूडमधल्या एका शेअर्ड वर्कशॉपमध्ये गेलो, लेझर कटिंगची वगैरे मशीन तासावर भाड्याने देतात ना तसलं. 2018 च्या बंदीनंतर आमच्या घरातून थर्माकोल गेलं ते गेलं, तेव्हापासून सनबोर्डच. बोहरी आळीतून शीट आणलेली, डिझाईन पेनड्राईव्हवर, स्लॉट बुक, पैसे भरलेले, आणि तिथल्या पोराने शीट हातात घेतली, नखाने कड दाबून बघितली आणि म्हणाला काका हे लेझरवर नाही चढवणार.

माझं डोकंच फिरलं. दुकानदार तर म्हणाला होता ॲक्रिलिकसारखंच कापतं! पोरगा वाद घालत बसला नाही. लाकडी मुठीत बसवलेली तांब्याची तार काढली, खिडकीपाशी गॅसच्या टॉर्चवर लाल केली, शीटच्या कोपऱ्याला टेकवली, चर्र झालं, परत ज्योतीत धरली तर ज्योत हिरवीगार. मग तार नीट जाळून घेऊन ॲक्रिलिकच्या तुकड्याला लावली, ज्योत पिवळीच राहिली. हिरवं दिसलं म्हणजे क्लोरीन, म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी हे मला पन्नाशीत कळलं, असो.

पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त, साधारण 57 टक्के, क्लोरीनच असतो म्हणे. लेझरने जाळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराईड गॅस सुटतो आणि ओल मिळाली की त्याचं ॲसिड होतं, संडास घासायला आणतो तेच, फक्त इथे ते आपल्या घशात आणि मशीनच्या पोटात, आणि पुण्याच्या पावसाळ्यात ओल काय कमी असते का. कोपऱ्यात एक बंद मशीन होतं, कोणीतरी गुपचूप रेक्झिन (तेही बहुतेक पीव्हीसीच) कापलेलं त्यावर. रेलवर बोट फिरवलं तर तांबूस, खरखरीत, आणि लेन्स मोतीबिंदू झाल्यासारखी. ते बघितल्यावर मी गप्प बसलो. भिंतीवर पाटीही आहे, अस्सल पुणेरी: 'सनबोर्ड, रेक्झिन, व्हिनाईल आणल्यास तसेच घरी न्यावे.' मी वाचली नव्हती, चूक माझी.

पण नुसतं नाही म्हणून हाकललं नाही, म्हणून हे लिहितोय. जाळी 3 एमएम ॲक्रिलिकमध्ये लेझरवर कापून दिली आणि खांब माझ्याच सनबोर्डमधून सीएनसी राऊटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, फिरत्या पात्याने कापणाऱ्या मशीनवर. राऊटरवर पीव्हीसी चालतं कारण ते जळत नाही, कापलं जातं, मात्र बिट (ते फिरतं पातं) धारदार पाहिजे, बोथट असलं तर घासून तापतं आणि कड वितळून चिकटते. भुसा पांढरा, हलका, अंगाला चिकटणारा, माझ्या शर्टाच्या बाह्यांवर घरी येईपर्यंत होता, त्यामुळे मास्क आणि व्हॅक्यूम दोन्ही लागतंच. कमानीला बाक द्यायला हीटगन (गरम हवा फेकणारी) दिली पण कमीवर, कारण 80 डिग्रीच्या आसपासच पीव्हीसी मऊ पडायला लागतं, धूर निघाला किंवा पिवळं पडलं म्हणजे तुम्ही चुकलात.

एक स्टार कापला तो या हीटगनच्या टेबलासाठी. हीटगनच्या शेजारीच, हातभर अंतरावर, पाईपचं सॉल्व्हंट सिमेंट उघडं ठेवलेलं, झाकण बाजूला! त्यातले टीएचएफ, एमईके वगैरे सॉल्व्हंट भसकन पेट घेणारे असतात आणि वाफ खाली साचते. दोनदा सांगितलं, 'बघतो काका' एवढंच उत्तर. आणि तिथे ठेवलेले मास्क धुळीचे आहेत, त्यातून गॅस आरपार जातो, हे नवीन येणाऱ्याला कोणी सांगत नाही.

रेट ठीक. जाण्याआधी शीटचा तुकडा घेऊन एक चक्कर मारा, तारेची टेस्ट फुकट करतात. आणि गाडी आत लावू देत नाहीत, शीट रिक्षातून तिरकी धरून न्यायची तयारी ठेवा.