खोका कंपनीचा, आतला एसएमपीएस भलताच

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव देत नाही, पण झालेला प्रकार जसाच्या तसा सांगतो.

धाकट्या भावाने गेमिंग पीसीसाठी आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतलं. ते एकटंच १७० वॅट खातं. जुना एसएमपीएस साधा होता, म्हणून नामांकित कंपनीचा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्यायचं ठरलं. दुकानदाराने सीलबंद खोका आमच्यासमोर फोडला, वस्तू दाखवली. पैसे दिल्यावर म्हणाला, "दादा, कॅबिनेट आणलंच आहे तर फिटिंग फुकट करून देतो. पोरगा वर माळ्यावर बसतो." कॅबिनेट खाली आलं ते वायरी छान बांधून.

अदलाबदल झाली ती माळ्यावर. हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाला, पत्र्याच्या झाकणाखाली असतो. बाजूची काच काढली तरी लेबल दिसत नाही.

घरी सिनेमा, ब्राउझर सगळं सुरळीत. जड गेम लावला की पीसी फटकन बंद व्हायचा आणि आपोआप परत सुरू. दुकानदार फोनवर एकच सांगत राहिला, विंडोज नव्याने टाका. तेही केलं, फरक शून्य. शेवटी मागचे चार स्क्रू काढून एसएमपीएस बाहेर ओढला. हातात घेताच हलका लागला. कंपनीचं लेबल कोपऱ्यात सुटलं होतं, नखाने उचललं तर खाली दुसरंच लेबल! त्यावर १२ व्होल्टसमोर २२ अँपिअर. गुणाकार करा: २६४ वॅट. खऱ्या ६५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे साधारण ५० अँपिअरच्या पुढचा आकडा असतो. कार्डाची आठ पिनांची वायरसुद्धा मूळची नव्हती, मोलेक्सला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या प्लगला, कन्व्हर्टर जोडून काढलेली. त्या प्लगचं पांढरं प्लॅस्टिक तापून पिवळं पडलं होतं. घरात आग लागली असती तर कोणाला विचारायचं?

खोक्यावरचा सिरियल नंबर एक, वरच्या लेबलवरचा वेगळाच. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, खोका आमचा, वस्तू आमची नाही. दुकानदार तर उलट आमच्यावरच घसरला: "सील तुमच्यासमोर फोडलं होतं. घरी नेऊन तुम्हीच बदललं नसेल कशावरून?" बिल म्हणून दिलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'एसएमपीएस ६५० वॅट, १ नग'. ना मॉडेल, ना सिरियल नंबर, ना जीएसटी क्रमांक. संताप येतो तो याचाच, की सगळं आधीपासून ठरवून केलेलं असतं.

तेव्हा कृपा करून फिटिंग नजरेआड होऊ देऊ नका. दुकानदार घाई करो वा तोंड वाकडं करो, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा नंबर जुळवून दोन्हींचे फोटो काढा आणि तोच नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. फसलाच असाल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगातही पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

मी १९१५ वर तक्रार नोंदवली, यूपीआयची पावती आणि फोटो जोडले. मग दुकानातून फोन आला, अर्धे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या. मी नाही म्हणून सांगितलं. मला पूर्ण पैसे हवेत, आणि आमच्या खोक्यातला खरा एसएमपीएस कुठे गेला, याचं लेखी उत्तरही.