प्लॅटफॉर्मआयओची 'पायो टेस्ट': संगणकावरून बोर्डावर युनिट टेस्ट चालवणाऱ्या कमांडचं परीक्षण

संगणकावर पास झालेली टेस्ट चिपवर फेल होते, याचं सगळ्यात साधं उदाहरण म्हणजे १००० गुणिले ६०. होस्टवर, म्हणजे संगणकावर, इंट (पूर्णांकाचा प्रकार) ३२ बिटांचा असतो, उत्तर ६०००० येतं. आर्डुइनो ऊनोच्या एव्हीआर चिपवर तो १६ बिटांचा, म्हणून तिथे याच गुणाकाराचं सहसा -५५३६ होतं. शिवाय ऊनोवर डबल हा फ्लोटइतकाच, ३२ बिटांचा. कॉर्टेक्स-एम० या प्रोसेसरला तर मेमरीतल्या विषम पत्त्यावरून ३२ बिटांची संख्या वाचायला लावली की थेट हार्ड फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो. या चुका नुसत्या होस्टवरच्या टेस्टमध्ये दिसणारच नाहीत.

प्लॅटफॉर्मआयओ हे चिपसाठीचा कोड बिल्ड करणारं साधन; त्याची 'पायो टेस्ट' ही कमांड फर्मवेअर (चिपवर चालणारा प्रोग्राम) बिल्ड करते, बोर्डावर टाकते, सिरियल पोर्टवरून निकाल वाचते आणि पास-फेलचा तक्ता दाखवते. साधन मुक्त स्रोत आहे आणि सोबत युनिटी हे टेस्ट फ्रेमवर्क आपोआप येतं. 'टेस्ट' फोल्डरमध्ये 'टेस्ट_' ने सुरू होणारा प्रत्येक उपफोल्डर म्हणजे टेस्टचा एक संच आणि त्याचं स्वतंत्र फर्मवेअर. आमच्या मते या साधनातला हा सर्वांत चांगला निर्णय आहे: एका संचाने बिघडवलेली मेमरी किंवा टायमर पुढच्या संचाला त्रास देत नाही. किंमत मोजावी लागते ती वेळेत आणि फ्लॅशच्या आयुष्यात. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपची फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) १०,००० वेळा लिहिण्यासाठी आहे. वीस संच रोज दहा वेळा चालवले तर पन्नास दिवसांत तो आकडा गाठला जातो. म्हणून शुद्ध गणित आणि पार्सर यांच्या टेस्ट 'नेटिव्ह' एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे संगणकावरच, दिवसभर चालवाव्यात, बोर्डावरची फेरी कोड मर्ज करण्याआधी घ्यावी.

आर्डुइनो फ्रेमवर्कमध्ये सगळ्या टेस्ट 'सेटअप'मध्ये लिहायच्या आणि 'लूप' रिकामा ठेवायचा. सुरुवातीला दोन सेकंदांचा डिले, मग युनिटी बिगिन, रन टेस्टच्या ओळी, शेवटी युनिटी एंड. हा डिले अनेकांना फालतू वाटतो, पण काही बोर्ड पोर्ट उघडताना रिसेट होत नाहीत. तिथे होस्ट ऐकायला लागेपर्यंत टेस्ट संपलेल्या असतात. लिओनार्डोसारख्या बोर्डात यूएसबी चिपच्या आतच असल्याने अपलोडनंतर पोर्ट गायब होऊन पुन्हा उगवतो, तिथे तर डिले हवाच. पहिल्या १० सेकंदांत काही दिसलं नाही तर रिसेट बटण दाबा, असं साधन स्वतःच सुचवतं.

खरी उणीव इथेच आहे. होस्टला चिपची अवस्था कळण्याचा मार्ग एकच, सिरियलवरचा मजकूर. युनिटी एंडने छापलेली एकूण संख्येची ओळ आली की त्याला टेस्ट संपल्या असं कळतं. मध्येच हार्ड फॉल्ट झाला तर बोर्ड गप्प, आणि होस्ट वाट बघत बसतो. कुठल्या टेस्टने मारलं हे सांगत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक टेस्टच्या आधी 'सेटअप' नव्हे, तर युनिटीच्या 'सेट-अप' फंक्शनमधून (नावं सारखी, कामं वेगळी) एक पूर्ण ओळ छापणं. ओळ पूर्णच हवी: न्यूलाइन न देता छापलेला डिबग मजकूर निकालाच्या ओळीला चिकटला तर ती ओळ नीट ओळखली जात नाही. ईएसपी८२६६ वर बराच वेळ चालणारी टेस्ट सॉफ्टवेअर वॉचडॉगला (कोड अडकला असं समजून चिप रिसेट करणाऱ्या पहारेकऱ्याला) सापडते आणि चिप रिबूट होऊन सगळं पहिल्यापासून सुरू होतं. लांब लूपमध्ये यील्ड (वॉचडॉगला श्वास घेऊ देणारा कॉल) द्यावा. ईएसपी३२ डाउनलोड मोडमध्येच (नवा प्रोग्राम घेण्याच्या अवस्थेतच) अडकत असेल तर सिरियल मॉनिटरच्या आरटीएस आणि डीटीआर या दोन्ही नियंत्रण-रेषा शून्य करून पाहाव्यात.

एसटीएम३२ वापरणाऱ्यांनी अपलोड आणि निकाल या दोन वेगळ्या वाटा आहेत हे ध्यानात घ्यावं. न्यूक्लिओ बोर्डावरचा एसटी-लिंक (प्रोग्राम टाकणारा भाग) दोन्ही देतो. ब्लू पिल या स्वस्त एसटीएम३२ बोर्डाला बाहेरून एसटी-लिंक लावला तर फ्लॅश होईल, पण निकालासाठी ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर वेगळा जोडावा लागतो. बोर्डाचा सिरियल वेग 'टेस्ट स्पीड' या सेटिंगशी जुळलाच पाहिजे. ठरलेला ११५२०० आहे.

ऊनोवर रॅम फक्त २ केबी. टेस्टची नावं आणि तुम्ही लिहिलेले फेल-संदेश त्यातच बसतात, म्हणून नावं आखूड ठेवावीत आणि संच फोडावेत. डबलची तुलना युनिटीत मुळात बंद असते, ती फ्लॅग देऊन चालू करावी लागते. सी++ वाल्यांनी आणखी एक जपावं: टेस्ट फेल झाली की युनिटी लाँगजंपने थेट उडी मारून बाहेर पडतं, डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारी फंक्शनं) चालत नाहीत. पिन, लॉक, बस सोडणं प्रत्येक टेस्टनंतर चालणाऱ्या 'टिअर-डाउन'मध्येच लिहावं.

मुख्य कोड 'लिब' फोल्डरमध्ये ठेवणं उत्तम. 'एसआरसी' फोल्डरही टेस्टमध्ये घेणारं 'टेस्ट बिल्ड एसआरसी' सेटिंग चालू केलं की 'सेटअप' आणि 'लूप' दोनदा सापडतात आणि लिंकर अडतो. मेन फाइलमधली ती दोन्ही फंक्शनं 'पायो युनिट टेस्टिंग' मॅक्रो नसतानाच बिल्ड होतील अशी अट घालावी.

सीआय सर्व्हरसाठी (प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरसाठी) निकालाची जेयुनिट फाइल मिळते. दोन बोर्ड एकाच मशीनला जोडले असतील तर अपलोड पोर्ट आणि टेस्ट पोर्ट प्रत्येक एन्व्हायर्नमेंटमध्ये स्पष्ट लिहावेत, नाहीतर साधन स्वतः पोर्ट निवडतं आणि एका बोर्डावर टाकून दुसऱ्याचं ऐकत बसण्याची वेळ येऊ शकते.