‘वर्षभरात बायबल’ वाचनतक्ता: कुठे उपयोगी, कुठे अपुरा

बायबलच्या 66 ग्रंथांचे (कॅथलिक आवृत्तीत ग्रंथ 73) 1189 अध्याय वर्षभरात वाचायचे, म्हणजे रोज तीन-चार. पहिल्या पानापासून ओळीने नेणाऱ्या क्रमवार तक्त्याचा हिशेब एवढाच, आणि तो पहिल्या महिन्यातच अडखळतो. पहिल्या दोन ग्रंथांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40, अध्याय संपले की तिसरा ग्रंथ लेवीय लागतो, यज्ञविधींचे नियम सलग येतात, वाचन तुंबतं. मग दहा-बारा अध्याय एका बैठकीत उरकले जातात. तक्त्यावर खूण होते, मनात काही उरत नाही. असं झालं तर मागे राहिलेलं सरळ सोडून आजच्या तारखेपासून वाचावं. आणि मुळात क्रमवार तक्त्यापेक्षा जुना करार, स्तोत्रं आणि शुभवर्तमान (येशूचं चरित्र सांगणारे ग्रंथ) रोज थोडं थोडं देणारा, आठवड्याला एक दिवस मोकळा ठेवणारा मिश्र तक्ता घ्या.

असा वाचनतक्ता माहितीसाठी उत्तम. शीलासाठी मात्र अपुरा, कारण आचरणाचा रकानाच नसतो. तो समासात आपणच आखावा: पौलाच्या गलतीकरांस पत्रातल्या 5:22-23 मधल्या नऊ गुणांपैकी आठवड्याला एक. नुसतं ‘सहनशील होईन’ लिहून भागत नाही. कोणाशी, कोणत्या वेळी, तेही लिहावं. रात्री प्रार्थनेआधी दोन मिनिटं तपासणी. पंधरवड्याने आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला रकाना दाखवावा, नाहीतर सोयीचे गुण आधी निवडले जातात आणि इंद्रियदमन शेवटपर्यंत टळतं.