फोलिनची तयार बाटली: 18 वर्षं लॉरी पद्धतीने प्रोटीन मोजणारीचा अनुभव

नवी बाटली आली की मी ती आधी उजेडासमोर धरते. लॉरी पद्धतीत प्रोटीनबरोबर निळा रंग देणारा हा फोलिन-सिओकाल्टू रीएजंट (थोडक्यात फोलिन) स्वच्छ सोनेरी पिवळा दिसला पाहिजे. हिरवट झाक आली असेल तर तो आधीच थोडा रिड्यूस झालाय, म्हणजे त्याने इलेक्ट्रॉन घेतलेत, आणि मग ब्लँकलाच, म्हणजे प्रोटीन नसलेल्या ट्यूबलाच, निळा रंग येतो. मागे एकदा अशी हिरवट बाटली आली. पुरवठादार म्हणाला, ‘चालतं हो.’ नाही चालत. मी परत पाठवली.

आता वापरतेय ती बाटली चांगली निघाली. काळपट तपकिरी काच, घट्ट झाकण, वर 2 नॉर्मल अशी तीव्रता ठळक लिहिलेली. सात महिने झाले, रंग तसाच आहे.

हा रीएजंट प्रयोगशाळेत बनवता येतो, मी बनवलाही आहे. सोडियम टंगस्टेट आणि सोडियम मॉलिब्डेट, त्यात फॉस्फोरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, हे सगळं 10 तास रिफ्लक्सवर, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात आणत उकळायचं. मग लिथियम सल्फेट, ब्रोमीनचे काही थेंब, आणि उरलेला ब्रोमीन उकळून घालवायचा. हूडमध्ये तो तांबूस धूर एकदा बघितला की तयार बाटलीचे पैसे जड वाटत नाहीत.

पण बाटली कितीही चांगली असली तरी हात चुकला की रीडिंग गेलं. गेल्या महिन्यात हाताखालच्या एका मुलीचा स्टँडर्ड ग्राफ (माहीत असलेल्या प्रमाणातल्या प्रोटीनचा आलेख) सरळ येईना. त्यासाठीचं प्रोटीन, बीएसए, नवं, पिपेट तपासलेलं. शेवटी मी तिच्या शेजारी उभी राहिले. ती बाराही टेस्टट्यूबमध्ये ओळीने फोलिन टाकत होती आणि सगळ्यांत टाकून झाल्यावर एकेक हलवत होती. चूक तिथेच होती. ट्यूबमध्ये आधीच तांबं घातलेलं असतं, द्रावण अल्कधर्मी असतं आणि त्यात फोलिन फार वेळ टिकत नाही. तांब्याशी जोडलेल्या प्रोटीनने त्याला रिड्यूस करायचं ते पहिल्या काही क्षणांतच. म्हणून एका हाताने फोलिन सोडायचा आणि दुसऱ्या हातातली ट्यूब त्याच क्षणी व्होर्टेक्सवर (ट्यूब हलवणाऱ्या यंत्रावर) टेकवायची. तिने तसं केलं, अर्धा तास थांबली, 750 नॅनोमीटरला ओडी, म्हणजे रंग किती गडद आहे ते, घेतली. सगळे बिंदू शिस्तीत एका रेषेवर बसले. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

एक-दोन सेकंदांत मिसळा, ही सूचना या पद्धतीच्या 1951 च्या मूळ पेपरमध्येच आहे. ऑलिव्हर लॉरी तेव्हा सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्र विभागाचे प्रमुख होते. रोझब्रो, फार आणि रँडल हे त्यांचे सहलेखक. फोलिनने प्रोटीन मोजणं लॉरींनी शोधलेलं नाही. 1922 मध्ये वू यांनी ते केलं होतं, आणि तांबं घातलं की रंग वाढतो हेही आधी माहीत होतं. लॉरींनी प्रत्येक अट तपासून पाहिली. अल्कली किती, तांबं किती, थांबायचं किती वेळ, कशाने बिघडतं, हे सगळं असं लिहून ठेवलं की 0.2 मिलीमधलं 5 मायक्रोग्रॅम प्रोटीनही कुणालाही मोजता यावं. विज्ञानाच्या इतिहासात सगळ्यांत जास्त वेळा उद्धृत झालेला पेपर हाच, 3 लाखांहून अधिक वेळा. त्यांना स्वतःला तो आपलं मोठं काम वाटत नव्हता. त्यांचा जीव अडकला होता मेंदूच्या सूक्ष्म विश्लेषणात. गोठवून वाळवलेल्या कापातून एकेक पेशी सुटी करायची, क्वार्ट्‌झच्या तंतूच्या तराजूवर तोलायची आणि तिच्यातली एन्झाइम्स मोजायची. मला त्यांचं हे काम जास्त भावतं. इतकं थोडं मोजायची सवय असलेल्या माणसालाच पाच मायक्रोग्रॅमची काळजी वाटणार.

नमुन्याच्या बफरमध्ये ट्रिस, ईडीटीए किंवा मर्कॅप्टोइथेनॉल ही रीडिंग बिघडवणारी रसायनं असतील तर मात्र ही बाटली घेऊ नका. आधी प्रोटीन टीसीए या आम्लाने अवक्षेपित करायची (साका करून वेगळं काढायची) तयारी असेल तर गोष्ट वेगळी. घाईच्या दिवशी मीही ब्रॅडफर्ड ही प्रोटीन मोजायची दुसरी पद्धतच वापरते. पाच मिनिटांत निळा रंग येतो, पण तो क्युवेटला (मोजणीच्या छोट्या पात्राला) चिकटतो, आणि एसडीएस हा डिटर्जंट असेल तर ब्रॅडफर्डही बिघडतं. शिवाय प्रोटीन बदललं की ब्रॅडफर्डचा रंग लॉरीपेक्षा जास्त खालीवर होतो. वेगवेगळ्या नमुन्यांची तुलना करायची असेल तर मी अजूनही लॉरीच लावते.

घ्यायची तर 100 मिलीची बाटली घ्या, 500 ची नको. एका ट्यूबला पातळ केलेला फोलिन 0.1 मिली लागतो, त्यामुळे छोटी बाटलीही खूप पुरते. त्या दिवशी लागेल तेवढाच फोलिन त्याच्याइतकंच पाणी घालून 1 नॉर्मल करा, उरला तर टाकून द्या, मूळ बाटलीत परत ओतू नका. आणि बाटली उघडली त्या दिवशीची तारीख झाकणावर मार्करने लिहा. माझ्या बाटलीवर ती आहे.