लाकडी गुआशा, दहा महिने: सगळा जीव काठात

आषाढातल्या एका रात्री ह्यांच्या पाठीवरून लाकडी गुआशा, म्हणजे अंगावरून ओढायची मालिशची पट्टी, फिरवत होते आणि हे एकदम ओरडले. खांद्याजवळ लाकडाची कूस गेली होती. भिंग लावून चिमट्याने काढली, केसाएवढीच. तेव्हापासून माझं सगळं लक्ष हिच्या काठावर.

घेतली डिसेंबरात, ३४९ रुपयांना. दिवसभर शिलाई मशीनवर मान खाली घालून बसते, रात्री मान धरते. आधीची दगडाची होती, ती मोरीत पडून तिचे दोन तुकडे झाले. ही दोनदा पडली, काही झालं नाही. थंडीत अंगाला गारही लागत नाही. उन्हाळा संपेपर्यंत मी भेटेल तिला हीच घ्यायला सांगत होते.

कूस गेल्यावर वाटलं, लाकूडच हलकं. विक्रेत्याला फोटो पाठवले. "लाकूड नैसर्गिक आहे, बदलून मिळणार नाही." तीनदा लिहिलं, तीनदा हेच उत्तर. पाण्यात भिजवू नका, एवढी एक ओळ तरी पाकिटावर छापायची होती! संताप त्याचा आहे.

कारण चूक माझीही निघाली. गल्लीतल्या सुतारकाकांना दाखवली. त्यांनी काठावरून नख फिरवलं आणि विचारलं, "ताई, धुता कशी?" मी साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवत होते. पाणी प्यायलं की लाकडाची लव उठते, वाळली की ताठ होते, पुढे तिचीच कूस. वर मी खोबरेल चोपडत होते. ते सुकत नाही, लाकडातच राहतं. पावसाळ्यात खवट वास येत होता तो त्याचाच. म्हणजे लाकूड हलकं, हे माझं मत चुकलं. ते मागे घेते.

दुरुस्ती स्वस्तात झाली. ४०० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने काठावर फिरवला. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून लव मुद्दाम उठवली, पुन्हा घासली. असं दोनदा. मग कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, जास्तीचं पुसलं आणि आठवडाभर सावलीत ठेवली. जवस हवेत सुकून घट्ट होतं. ते तेल पुसलेलं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा. आता वापरानंतर फक्त ओलसर कापडाने पुसते, लगेच कोरडी करते आणि दोरीला टांगते.

चिनी भाषेत गुआ म्हणजे खरवडणं, शा म्हणजे त्यानंतर कातडीवर उठणारे लाल ठिपके. तिकडे शिंगाची पट्टी, चिनी मातीचा चमचाही यासाठी वापरतात. ते ठिपके बारीक रक्तवाहिन्या फुटून येतात. मी तेवढा जोर लावत नाही. अंगाला तेल लावून, पट्टी कातडीशी तिरकी धरून मानेकडून खांद्याकडे ओढते. मान मोकळी वाटते, झोप लागते. मला तेवढं पुरतं. सासूबाईंना रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना ही लावतच नाही. त्यांच्या तळपायाला तूप आणि काशाची वाटी, तीही हलक्या हाताने.

वापरायच्या आधी रोज काठावरून साटीनची कतरण ओढून बघते. साटीन फार नाजूक, बारीकशी लव असली तरी धागा ओढला जातो. अडकलं तर त्या दिवशी आधी पॉलिश पेपर. नवरात्रापासून एकदाही अडकलेलं नाही. वस्तूला चार तारे, विक्रेत्याला एक.