पॅकेज, फ्लॅटपॅक की सोर्समधून बिल्ड? गिम्पच्या निमित्ताने

गिम्प म्हणजे चित्रं-फोटो संपादनाचा मुक्त प्रोग्रॅम. लिनक्सच्या डेबियन १२ या प्रणालीच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तयार प्रोग्रॅमच्या साठ्यात, त्याची २.१० मालिका आहे. गिम्प ३.० आलं मार्च २०२५ मध्ये. डेबियनची स्थिर आवृत्ती एकदा गोठली की तिच्यात सहसा फक्त दुरुस्त्या येतात, त्यामुळे ३.० ची वाट तिथे बघत बसण्यात अर्थ नाही. आणि ३.० हवंसं वाटणं अगदी रास्त आहे. त्यात लेयरवर लावलेला फिल्टर नंतर उघडून बदलता येतो, काढूनही टाकता येतो. फोटोवर रोज काम करणाऱ्याला ही एक सोयदेखील पुरेशी आहे.

मग तीन वाटा उरतात : रिपॉझिटरीतल्या तयार पॅकेजवर राहणं, फ्लॅटहब या साइटवरून फ्लॅटपॅक (लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवणारं पॅकेज) घेणं, किंवा सोर्स (मूळ कोड) आणून स्वतः बिल्ड करणं, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम तयार करणं. तिन्ही मी वापरल्या आहेत. यांची तुलना करताना बहुतेक जण पहिल्या दिवशीची मेहनत मोजतात. मला विचाराल तर सहा महिन्यांनी त्या प्रोग्रॅमची काळजी कोण घेणार, हे आधी ठरवा.

पहिल्या दिवसाचं बोलायचं तर पॅकेजला एक कमांड लागते. फ्लॅटपॅकलाही जवळपास तेवढंच, फक्त पहिल्यांदा रनटाइम (अ‍ॅप्लिकेशन्सना लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा सामायिक संच) उतरवताना डाउनलोड मोठं असतं. पुढची अ‍ॅप्लिकेशन्स तोच रनटाइम वापरणारी असतील तर ते ओझं पुन्हा पडत नाही.

सोर्सचं तसं नाही. आधी एपीटी या पॅकेज मॅनेजरच्या यादीत सोर्स पॅकेजांच्या ओळी सुरू करून त्याला बिल्ड-डेप ही कमांड द्यायची. ते गिम्पच्या बिल्डला लागणारी डेव्ह पॅकेजेस आणतं, पण २.१० साठीची. खिडक्या आणि मेनू दाखवणारी लायब्ररी (प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) म्हणजे जीटीके. २.१० उभं आहे जीटीके २ वर आणि ३.० जीटीके ३ वर, म्हणजे यादीतलं बरंच काही हाताने भरावं लागतं. मग मेसन या बिल्डची तयारी करणाऱ्या साधनाचं सेटअप चालवलं की एकेक डिपेंडन्सी (लागणारी लायब्ररी) तपासल्याच्या ओळी सरकू लागतात : यस, यस, यस, आणि एका ठिकाणी लाल अक्षरांत ‘नो’. नवखा माणूस इथे गोंधळतो, कारण ती लायब्ररी तर मशीनवर असते! असते, पण ती चालवण्यापुरती. बिल्ड करायला तिच्या हेडर फाइल (लायब्ररीत काय आहे ते सांगणाऱ्या) आणि पीसी फाइल (ती कुठे आहे ते सांगणाऱ्या) लागतात, आणि त्या वेगळ्या पॅकेजात असतात. डेबियनमध्ये त्याच्या नावापुढे डेव्ह लागतं, फेडोरा या लिनक्समध्ये डेव्हेल. एवढं एक कळलं की निम्मे अडथळे सुटतात.

उरलेल्या अडथळ्यांत बॅबल आणि गेगल या दोन लायब्रऱ्या येतात. पहिली रंगांची रूपांतरं करते, दुसरी चित्रावरची प्रक्रिया. डेबियन १२ मधल्या त्यांच्या आवृत्त्या ३.० ला जुन्या पडतात, म्हणून आधी बॅबल, मग गेगल आणि शेवटी गिम्प, असा क्रम ठेवावा लागतो. प्रत्यक्ष कंपाइल होण्याची (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनण्याची) मला कधी चिंता वाटली नाही. मात्र इंकस्केपसारखा सी++ मध्ये लिहिलेला प्रकल्प असेल आणि मेमरी कमी असेल, तर निंजाला (कंपायलर चालवणाऱ्या साधनाला) एका वेळी दोनच कामं करायला सांगा. नाहीतर कंपायलर मध्येच मारला जातो आणि चूक कोडमध्ये आहे असं वाटत राहतं.

आता सहा महिन्यांनंतरचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये गिम्पच्या पीएसडी, डीडीएस आणि पीएसपी या प्रकारांच्या चित्र-फाइल वाचणाऱ्या कोडमधल्या सुरक्षेच्या त्रुटींवर २.१०.३६ ही आवृत्ती आली. कोणीतरी पाठवलेली फाइल नुसती उघडणं धोक्याचं ठरावं, अशा त्या त्रुटी होत्या. डेबियनने त्या दुरुस्त्या आपल्या २.१०.३४ मध्येच बसवून दिल्या, म्हणजे नेहमीचं अपडेट करणाऱ्याला वेगळं काही करावं लागलं नाही. फ्लॅटपॅकवाल्याचंही अपडेटने भागतं. सोर्समधून बिल्ड केलेल्याला मात्र बातमी स्वतः वाचायची, सोर्स पुन्हा ओढायचा आणि पुन्हा बिल्ड करायचं. हे काम तुमच्यासाठी दुसरं कोणी करत नाही. वर्षभर हे नेमाने करण्याची तयारी नसेल, तर रोजच्या वापरासाठी सोर्सची वाट धरू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

दुसरा त्रास मी स्वतः भोगला आहे. बॅबल आणि गेगल मी थेट यूएसआर-लोकल या अख्ख्या प्रणालीसाठीच्या फोल्डरमध्ये बसवलं आणि बिल्डचं फोल्डर पुसून टाकलं. पुढे प्रणालीची मोठी आवृत्ती बदलल्यावर रिपॉझिटरीतलं गिम्प ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणत उघडेना. कारण साधं होतं : लायब्ररी शोधताना यूएसआर-लोकलचा नंबर आधी लागतो, त्यामुळे नव्या गिम्पला माझी जुनी बॅबल मिळत होती. मेसन काय कुठे बसवलं याची नोंद बिल्डच्या फोल्डरमध्येच ठेवतं. फोल्डर गेलं तशी अनइन्स्टॉलची सोयही गेली, आणि मला एकेक फाइल शोधून काढावी लागली.

फ्लॅटपॅकमध्ये असा घोळ होत नाही, कारण त्याच्या लायब्रऱ्या प्रणालीपासून अलग असतात. पण त्याच अलगपणाची किंमतही आहे. रिपॉझिटरीतून घेतलेला जीमिक हा फिल्टरांचा प्लगइन (जोड प्रोग्रॅम) फ्लॅटपॅकमधल्या गिम्पला दिसत नाही, तो फ्लॅटहबवरून एक्स्टेन्शन म्हणून घ्यावा लागतो. तुमच्या पायथन स्क्रिप्टला रनटाइममधलं पायथन मिळतं, प्रणालीत बसवलेली मॉड्यूल्स मिळत नाहीत. प्लगइनवर फारसं अवलंबून नसाल आणि फक्त नवी आवृत्ती हवी असेल, तर मी बिनदिक्कत फ्लॅटपॅक सुचवेन. २.१० वर तुमचं काम भागत असेल तर पॅकेजवरून हलूच नका.

सोर्सचं मोल वेगळ्याच माणसाला आहे. एखादा बग नेमका कोणत्या बदलापासून सुरू झाला हे गिट बायसेक्टने (बदलांची यादी अर्धी-अर्धी करत तपासणाऱ्या कमांडने) शोधायचंय, पॅकेज करणाऱ्याने बंद ठेवलेला पर्याय चालू करायचाय, भाषांतराच्या पीओ फाइलमध्ये सुधारलेला शब्द मेनूत बसतो का ते पाहायचंय, तर दुसरी वाटच नाही. आणि ही कामं मनापासून करण्यासारखी आहेत. रिपॉझिटरीतल्या आणि फ्लॅटहबवरच्या सगळ्या आवृत्त्या अशाच कामांवर उभ्या आहेत.

अशी कामं करणाऱ्यांसाठी माझी पद्धत सांगतो. होम फोल्डरमध्ये गिम्पसाठी एक स्वतंत्र फोल्डर करायचं आणि बॅबल, गेगल, गिम्प तिघांनाही प्रीफिक्स (बसवण्याची जागा) म्हणून तेच द्यायचं. पीकेजी-कॉन्फिगचा (बिल्डसाठी लायब्ररी शोधणाऱ्या साधनाचा) मार्ग आणि चालवताना लायब्ररीचा मार्ग तिकडे वळवायचा, तोही एका छोट्या स्क्रिप्टमधून, म्हणजे बाकी प्रणालीला पत्ता लागत नाही. डेव्ह पॅकेजेस आणून झाली की हे तिघं बसवताना सुडो (प्रशासकाचा अधिकार देणारी कमांड) कुठेच लागत नाही. लागला, तर तिथेच थांबून प्रीफिक्स पुन्हा तपासायचा. रिपॉझिटरीतलं गिम्प शेजारी तसंच ठेवायचं. नको झालं की ते एक फोल्डर पुसलं, की बसवलेलं सगळं गेलं.

मधली एक वाटही आहे. फ्रीबीएसडी या प्रणालीच्या पोर्ट्समध्ये किंवा आर्च या लिनक्सच्या मेकपॅकेज (makepkg) या साधनाने बिल्ड सोर्समधूनच होतं, पर्यायही निवडता येतात, पण तयार झालेल्या पॅकेजची नोंद पॅकेज मॅनेजरकडे राहते. वेगळे पर्याय निवडून बिल्ड करणं ही तुमची कायमची गरज असेल, तर डेबियनवर दर वेळी हाताने झुंजण्यापेक्षा अशा प्रणालीवर जाणं मला जास्त पटतं.