वारेची रक्ततपासणी: बेळगावातल्या एका कलेक्शन सेंटरचा अनुभव

बहीण नंदगडला दिलेली, पहिलटकरीण. ३३ वा आठवडा चालू होता. पाय इतके सुजले की चप्पल घालवेना, कपाळ दुखायचं, बीपी १३८/८८. खानापूरच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, प्रोटीन अगदी थोडं दिसलं. गरोदरपणात बीपी चढायचा आजार, प्री-एक्लॅम्प्सिया, आहे का ते पाहायला त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या रक्तातल्या दोन प्रथिनांचं गुणोत्तर. "बेळगावात करून घ्या, आजच." मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, म्हणून सोबत मीच गेले.

सेंटरचं नाव इथं देत नाही. तिथं काय चांगलं आणि काय नाही, तेवढं लिहिते.

रक्त काढणाऱ्या पोराला पाचपैकी पाच. बहिणीचे हात सुजलेले, शीर सापडेना. त्यानं घाई केली नाही. गरम पाण्यात रुमाल पिळून कोपरावर ठेवला, "अक्का, मूठ आवळू नका, हात सैल सोडा" म्हणाला आणि एकाच टोचण्यात काम झालं. पिवळ्या झाकणाची नळी चार-पाच वेळा हलकेच उलटी-सुलटी केली, अर्धा तास उभी ठेवली, मग यंत्रात फिरवली. वर जे पिवळसर पाणी राहतं, तेच बर्फाच्या डब्यातून बंगळुरूला जातं. उपाशीपोटी यायची गरज नव्हती, हे त्यानं फोनवरच सांगितलं होतं. पोटुशी बाई नंदगडहून उपाशी यायची म्हणजे काय, ते ज्याला कळतं त्यालाच सुचतं.

चार हजार आठशे रुपये घेतले. एवढे पैसे कशाचे, असं बहिणीच्या सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी जे सांगितलं ते इथंही सांगते, कारण ही तपासणी खरी वारेची, म्हणजे प्लासेंटाची आहे. वारेत एक जनुक आहे, एफएलटी-१. त्याचा प्रथिन बनवायचा निरोप कधी कधी अर्ध्यावरच तुटतो, आणि पेशीला चिकटून राहायला जो भाग लागतो तो नसलेलं मोकळं प्रथिन, म्हणजे एसएफएलटी-१, तयार होतं. ते आईच्या रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारं पीएलजीएफ पकडून ठेवतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडांतून प्रोटीन गळतं. हे उजेडात आलं २००३ मध्ये. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराच्या बायकांची आणि निरोगी बायकांची वार तपासायला घेतली, कुठल्या वारेत कुठली जनुकं जास्त कामाला लागलीत हे ताडून पाहिलं, आणि आजारी वारेत हे प्रथिन जास्त बनताना सापडलं. गाभण उंदरांना ते दिल्यावर त्यांचंही बीपी चढलं. करुमंचींचं वैद्यकीय शिक्षण मद्रासचं, हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. सासूबाईंनी एकच विचारलं, "म्हणजे दोष वारेत, पोरीत नव्हं?" नव्हं. हे त्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

आता काउंटर. तिथली मुलगी गोड बोलायची, पण संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत. बहिणीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. तिनं न वाचताच सही केली. मराठीत अर्धं पान छापायला किती खर्च येतो?

आणि खरी चूक पुढं झाली. मुलीनं विचारलं, "शेवटची पाळी कधीची?" बहिणीनं तारीख सांगितली, तिनं ती टाकली. बहिणीची पाळी कायम पुढं-मागं व्हायची, म्हणून डॉक्टरांनी आठवडे पहिल्या सोनोग्राफीवरून धरले होते आणि चिठ्ठीवर ३३ लिहिलं होतं. चिठ्ठी तिच्या हातातच होती. संगणकानं मात्र ३५ मोजले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला. आकडा ९१. खाली शेरा: निदानाच्या मर्यादेखाली. मी आठवडा पाहिला आणि पोटात गोळा आला. ३४ आठवड्यांच्या आत ही मर्यादा ८५ असते, पुढं ती ११० होते. आकडा तोच, पण आठवडा चुकला की अर्थ उलटा. फोन कुणी उचलेना. सकाळी पहिल्या बसनं गेले. आतल्या साहेबांनी चिठ्ठी पाहून तिथल्या तिथं आठवडा दुरुस्त केला, नवा रिपोर्ट दिला, माफीही मागितली. मनापासून मागितली, म्हणून तेही लिहिते.

डॉक्टरांनी बहिणीला त्याच दुपारी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं ३४ आठवड्यांच्या आत मिळाली. बारा दिवसांनी बीपी आवरेना म्हणून सिझेरियन केलं. मुलगी, दोन किलो शंभर. नर्सबाईंनी विचारल्यावर वार मला ट्रेमध्ये दाखवली: गडद तांबडी, एका कडेला पांढरट कडक ठिपके. मी खूप वेळ बघत उभी होते.

ज्यांना ही तपासणी सांगितली आहे त्यांच्यासाठी: आकडा ३८ किंवा त्याखाली आला, तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता फार कमी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा शंभरातल्या ९९ जणींना तो झाला नाही. ३८ च्या वर आला म्हणजे आजार झालाच असं नाही; पुढच्या चार आठवड्यांत तो होणाऱ्या साधारण ३७ टक्के होत्या. आणि बीपी मोजायचं थांबवायचं नाही.

दुसरं, पहिलटकरणींना गरोदरपणात लवकर ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली तर वेळेआधीचं बाळंतपण टळतं का, हे पाहायचा सहा देशांतला मोठा अभ्यास झाला, त्यात आमचं बेळगाव होतं. जवळपास १२ हजार बायका, ८१ मिलिग्रॅम. निकाल २०२० चा, वेळेआधीची बाळंतपणं ११ टक्क्यांनी घटली. तिसऱ्या महिन्याच्या आतच डॉक्टरांना याबद्दल विचारा, मनानं घेऊ नका.

सेंटरला परत जाईन. सोमवार ते गुरुवारच जा, कारण शनिवारी दिलेलं रक्त रविवारभर अडकतं. तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बायकांना मिळणारं सरकारी कार्ड) आणि पहिली सोनोग्राफी सोबत ठेवा, आणि पावतीवरचा आठवडा तिथंच उभं राहून वाचा.